छोट्या इंजिनात फायरमन नसतो

१/ जून १९४९. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटनच्या रेल्वे कारखान्यातून एक विलक्षण वाहन बाहेर पडले. दोन्ही टोकांना ड्रायव्हरच्या खोल्या, सपाट पत्र्याच्या बाजू आणि दोन बोगींखाली दडलेली चाके. पाहणाऱ्याला ते डिझेलचे किंवा विजेचे इंजिन वाटावे. प्रत्यक्षात आत बॉयलर होता, कोळसा होता आणि मधल्या कोंदट खोलीत फावडे हाती घेतलेला एक माणूस होता. या इंजिनाचा क्रमांक ३६००१, वर्गाचे नाव ‘लीडर’. सुमारे दीड वर्ष चाचण्या झाल्या आणि १९५१ मध्ये ते भंगारात गेले. आज जगात त्याच्या प्रतिकृती आहेत. मूळ इंजिन मात्र नाही.

२/ वाफेच्या युगाच्या उत्तरार्धात अशी धाडसी प्रायोगिक इंजिने बरीच जन्मली आणि बहुतेक सगळी वितळवली गेली. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा विक्रम करणारे ‘मॅलर्ड’ यॉर्कच्या संग्रहालयात दिमाखात उभे आहे. हरलेल्यांना तो मान मिळाला नाही. त्यांची आठवण जिवंत ठेवली ती हौशी प्रतिकृतिकारांनी. या धाग्याचे प्रतिपादन दुहेरी आहे. ही निष्ठा इतिहासाच्या दृष्टीने अमोल आहे. परंतु प्रतिकृती एक गोष्ट हमखास लपवते, आणि अनेकदा त्या लपलेल्या गोष्टीतच मूळ इंजिनाच्या पराभवाचे कारण दडलेले असते.

३/ आधी पार्श्वभूमी. १८२९ च्या ‘रॉकेट’मध्ये वाफेच्या इंजिनाची मूळ मांडणी स्थिरावली: अनेक नळ्यांचा बॉयलर, त्यामागे भट्टी, आणि वापरलेली वाफ धुराड्यातून सोडून भट्टीला मिळणारी हवेची ओढ. पुढील शंभर वर्षे इंजिने वाढली, पण चौकट तीच राहिली. कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा, बहुधा त्याहूनही कमी, प्रत्यक्ष ओढण्याच्या कामी येई. सकाळी वाफ धरायला काही तास लागत, संध्याकाळी राख उपसावी लागे, टोकाच्या स्थानकावर इंजिन वळवायला टर्नटेबल लागे. विजेच्या आणि डिझेलच्या इंजिनांना यांपैकी काहीच नको होते. प्रयोगांमागची निकड ही होती.

४/ पहिला मार्ग म्हणजे वाफेचा दाब वाढवणे. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य अभियंते नायजेल ग्रेस्ली यांनी यॅरो या जहाजांचे बॉयलर बनवणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने १९२९ मध्ये क्रमांक १०००० हे इंजिन तयार केले. त्या काळी दर चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या आसपासचा दाब नेहमीचा मानला जाई. येथे तो ४५० पौंड होता. बांधणी इतक्या गुप्ततेने झाली की लोकांनी त्याला ‘हश-हश’ म्हटले. जहाजावर उत्तम चालणारा बॉयलर रुळांवर मात्र कुरकुरत राहिला. अखेर १९३७ पर्यंत त्याची पुनर्बांधणी होऊन त्यावर नेहमीच्या घडणीचा बॉयलर चढला.

५/ दुसरा मार्ग म्हणजे मागेपुढे धावणारे दट्टे काढून टाकून टर्बाइन बसवणे. स्वीडनमध्ये ल्युंगस्ट्रोम यांच्या टर्बाइन इंजिनांनी खनिजाच्या गाड्या ओढून दाखवल्या होत्या. त्यांपासून प्रेरणा घेऊन विल्यम स्टॅनियर यांनी लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी १९३५ मध्ये क्रमांक ६२०२ बांधले. लोक त्याला ‘टर्बोमोटिव्ह’ म्हणत. ते दशकाहून अधिक काळ नियमित सेवेत राहिले. म्हणजे ते अपयशी नव्हते, एकाकी होते. एकुलत्या एका टर्बाइनचे सुटे भाग मिळवणे महाग पडे. १९५२ मध्ये साधे दट्ट्याचे इंजिन म्हणून पुनर्बांधणी झाली आणि त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला हॅरोच्या भीषण अपघातात ते कायमचे संपले.

६/ अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया रेल्वेने १९४४ मध्ये ‘एस-२’ वर्गाचे टर्बाइन इंजिन, क्रमांक ६२००, रुळांवर आणले. सुमारे ६,९०० अश्वशक्ती, आठ चालक चाके, आणि दट्ट्यांचे हिसके नसल्याने मऊ, अखंड ओढ. वेगात असताना ते गुणी होते. पण टर्बाइनचा स्वभावच असा की मंदगतीत तो वाफ अक्षरशः उधळतो. गाडी सुरू करताना, चढावर, यार्डात वाफेचा खप अवाच्या सव्वा वाढे आणि बॉयलरवर ताण येई. १९४९ मध्ये ते सेवेतून निघाले, १९५२ मध्ये मोडीत गेले. या वर्गात दुसरे इंजिन कधीच बांधले गेले नाही.

७/ पण कथेचे खरे वळण पुढे आहे. १९४६ मध्ये लायोनेल या खेळण्यांच्या कंपनीने क्रमांक ६७१ म्हणून याच टर्बाइन इंजिनाची प्रतिकृती बाजारात आणली. धुराड्यातून धूर सोडणारे हे खेळणे वर्षानुवर्षे खपत राहिले. रुळांवर ज्याला भावंड मिळाले नाही, त्याची भावंडे अमेरिकेतील घराघरांत नाताळच्या झाडाखाली गोल गोल धावत होती. खऱ्या इंजिनाला मंदगती मानवत नव्हती. खेळण्यातले इंजिन दिवाणखान्यात हवे तितके हळू चाले. इतिहासाने बाद ठरवलेली वस्तू लोकस्मृतीत यशस्वी ठरण्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

८/ आता पुन्हा ‘लीडर’कडे. त्याचे जनक ऑलिव्हर बुलिड, जन्म न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिलचा, १८८२ चा. ग्रेस्ली यांचे साहाय्यक म्हणून ते घडले आणि १९३७ मध्ये सदर्न रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंता झाले. प्रचलित गोष्ट आहे तशी स्वीकारणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. १९४१ च्या ‘मर्चंट नेव्ही’ इंजिनांत त्यांनी झडपांची यंत्रणा साखळीने चालवून तेलाच्या बंद पेटीत बुडवली होती. ती इंजिने जोमदार होती, पण तेल गळे आणि देखभाल जिकिरीची पडे. पुढे त्या वर्गातील तीसही इंजिनांची पुनर्बांधणी करावी लागली. कल्पकता आणि हट्ट यांची सीमारेषा येथेच धूसर होऊ लागते.

९/ ‘लीडर’मागचा प्रश्न अत्यंत योग्य होता. विजेच्या इंजिनाची सोय वाफेला मिळू शकेल काय? उलटे वळवावे न लागता दोन्ही दिशांना धावणारे. सर्व वजन चालक चाकांवर असल्याने पकड आणि ब्रेक दोन्हींत सरस. यंत्रणा झाकलेली आणि तेलात न्हालेली, म्हणजे रोज तेलाची बुधली घेऊन फिरायला नको. त्यासाठी प्रत्येकी सहा चाकांच्या दोन बोगी, प्रत्येक बोगीवर तीन सिलिंडर आणि चाकांना जोडणाऱ्या साखळ्या अशी रचना ठरली. कागदावर हे आराखडे आजही मोहक वाटतात. प्रतिकृतिकारांना ते का भुरळ घालतात, हे समजायला वेळ लागत नाही.

१०/ अडचण अशी की एकाच इंजिनात अनेक अपरिचित गोष्टी एकदम आल्या. सिलिंडरात वाफ सोडण्यासाठी नेहमीच्या झडपांऐवजी ‘स्लीव्ह व्हॉल्व्ह’ आले, म्हणजे सिलिंडराच्या आत सरकणारे पोलादी नळकांडे. विमानांच्या इंजिनांत ते नाणावलेले होते. पण वाफेच्या उष्णतेत ती नळकांडी अडकू लागली, तडकू लागली, वाफ गळू लागली. आधी ‘हार्टलंड पॉइंट’ नावाच्या जुन्या इंजिनावर त्यांची चाचणी झाली होती खरी. परंतु तिचे निष्कर्ष नीट पचवले जाण्याआधीच ‘लीडर’ची बांधणी पुढे सरकली. एका वेळी एकच अज्ञात तपासावे, हा प्रयोगशाळेतील साधा नियम येथे मोडला गेला.

११/ दुसरी चूक भूमितीची. एका टोकाकडून दुसरीकडे जायला अरुंद बोळ हवा म्हणून बॉयलर मध्यरेषेपासून बाजूला सरकवला गेला. त्यामुळे इंजिन एका अंगाला जड झाले. तोल साधण्यासाठी दुसऱ्या बाजूला लोखंडाचे वजन भरावे लागले. भट्टीच्या भिंतींमागे नेहमीप्रमाणे पाणी खेळवण्याऐवजी अग्निविटांचे अस्तर दिले होते. त्या विटा ढासळत. शेवटी इंजिनाचे वजन सुमारे १३० टनांवर गेले आणि ज्या अनेक मार्गांसाठी ते योजले होते, तेथे त्याला जायलाच मुभा उरली नाही. एक सोय मिळवण्यासाठी केलेली तडजोड दुसरी तडजोड मागत गेली.

१२/ आणि तिसरी, सर्वांत गंभीर गोष्ट. ड्रायव्हर टोकाच्या खोलीत आणि फायरमन मधल्या बंदिस्त खोलीत. एका बाजूला भट्टीचे दार, दुसऱ्या बाजूला कोळसा, वर छत, आणि मोकळ्या हवेचा अभाव. तेथील तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचत असे. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांना मे महिन्यातील दुपार ठाऊक आहे. त्याहून अधिक उष्णतेत, सावलीत न बसता, धावत्या इंजिनात फावड्याने कोळसा ओतत राहायचे. फायरमन ड्रायव्हरला पाहू शकत नव्हता, पुढचा रूळही पाहू शकत नव्हता. नेहमीच्या इंजिनावर वारा लागतो आणि जोडीदार शेजारी असतो; येथे दोन्ही हिरावले गेले होते.

१३/ ज्या यंत्राचा घोषित हेतू कामगारांचे कष्ट आणि वेळ वाचवणे हा होता, त्यानेच एका कामगाराला भट्टीच्या पोटात बसवले. हा विरोधाभास ‘लीडर’च्या पराभवाचा गाभा आहे. नळकांडी बदलता आली असती, आस अधिक मजबूत करता आला असता, विटा पुन्हा रचता आल्या असत्या. पण फायरमनची खोली हे आराखड्याचेच हृदय होते; ती बदलायची तर इंजिनच नव्याने रेखावे लागले असते. ज्यांच्यासाठी यंत्र असते त्यांना आराखड्याच्या टेबलाशी बोलावले नाही की काय होते, याचा हा पोलादी पुरावा होता.

१४/ यथावकाश निकाल लागला. १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले होते. बुलिड १९४९ मध्ये आयर्लंडच्या सेवेत गेले. १९५० च्या शरद ऋतूत शक्तिमापक डबा जोडून चाचण्या झाल्या. कोळसा आणि पाणी यांचा खप तुलनेच्या इंजिनापेक्षा बराच अधिक भरला. नोव्हेंबरात चाचण्या थांबल्या. पाच इंजिनांची बांधणी हाती घेतली होती. पूर्ण झाले एकच. १९५३ मध्ये या प्रकल्पावर पावणेदोन लाख पौंडांच्या घरात खर्च झाल्याचे वृत्तपत्रांत गाजले आणि ‘पांढरा हत्ती’ ही पदवी त्याला चिकटली.

१५/ येथे हौशी वर्तुळांतील एका लाडक्या समजुतीचा समाचार घेणे आवश्यक आहे. ‘नव्या सरकारी व्यवस्थापनाने आकसाने लीडरला मारले’, अशी ती समजूत. हे खरे की रॉबर्ट रिडल्स यांच्या नेतृत्वाखालील नव्या व्यवस्थेचा कल साध्या, प्रमाणित इंजिनांकडे होता आणि बुलिड यांच्या प्रयोगांविषयी तेथे फारसे ममत्व नव्हते. पण ममत्व असते तरी १३० टनांचे ११० टन झाले नसते आणि ५० अंशांचे ३० अंश झाले नसते. कटाची कथा सुखद असते, कारण ती नायकाला निर्दोष ठेवते. इतिहासाला मात्र नायकाचे निर्दोषत्व जपण्याचे बंधन नाही.

१६/ मग प्रतिकृतिकारांचे मोल काय? मोल मोठे आहे. मूळ वस्तू नष्ट झाल्यावर उरतात ते आराखडे, छायाचित्रे आणि आठवणी. आराखड्यात एक रेषा असते, छायाचित्रात सावलीचा डाग. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र ठरवावेच लागते: ही नळी येथे वळते की तेथे? हे दार आत उघडते की बाहेर? प्रबंध लिहिणारा अभ्यासक संदिग्ध वाक्य लिहून निसटू शकतो. पितळेचा पत्रा कापणाऱ्याला ती मुभा नाही. म्हणून उत्तम प्रतिकृती हा एक प्रकारचा शोधनिबंधच असतो. २०२१ मध्ये हॉर्नबी कंपनीने ‘हश-हश’ची प्रतिकृती आपल्या यादीत आणली, त्यामागेही हौशींनी दशकानुदशके जपलेले कुतूहल आहे.

१७/ परंतु प्रमाण बदलले की पदार्थविज्ञान बदलते. ब्रिटनमधील लोकप्रिय प्रमाण एकास ७६. लांबी ७६ पटींनी घटते, पृष्ठभाग ५,७७६ पटींनी, आणि घनफळ ४,३८,९७६ पटींनी. म्हणजे १३० टनांच्या ‘लीडर’ची काटेकोर प्रतिकृती अवघी तीनशे ग्रॅमची भरेल. ज्या वजनाने मूळ इंजिनाचे मार्ग बंद केले, ते वजन तळहातावर मावते. तोल ढळत नाही, विटा ढासळत नाहीत, साखळी ताणत नाही. मूळ इंजिनाचा प्रत्येक दोष आकारमानाशी बांधलेला होता. आकार घटताच दोष विरघळतात आणि मागे फक्त सौंदर्य उरते.

१८/ आणखी एक उपरोध पाहावा. टेबलावरील ‘लीडर’ विजेच्या छोट्या मोटारीवर धावते. दोन्ही दिशांना तितक्याच सहजतेने, न वळवता, राख न उपसता. बुलिड यांना वाफेकडून जे हवे होते, ते त्यांच्या इंजिनाला शेवटी विजेने मिळवून दिले, तेही प्रतिकृतीत. आणि त्या मधल्या खोलीत? तेथे मोटार असते, वजनाचा तुकडा असतो किंवा रिकामी जागा असते. हात भाजलेला, घामाने निथळणारा माणूस तेथे नसतो. छोट्या इंजिनात फायरमन नसतो. म्हणूनच छोटे इंजिन नेहमी यशस्वी होते.

१९/ याला एक सन्माननीय अपवाद आहे: खऱ्या वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृती. १८९८ पासून निघणाऱ्या ‘मॉडेल इंजिनियर’ नियतकालिकाने ही परंपरा रुजवली. १९२० च्या दशकात तेथे वाद पेटला, कोळशावर चालणारा, आत नळ्या असलेला छोटा बॉयलर खरोखर उपयोगी पडेल काय? ‘एल.बी.एस.सी.’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कारागिराने ‘आयेशा’ या अडीच इंची रुळांवरील इंजिनाने माणसे ओढून दाखवली आणि १९२४ मध्ये तो वाद निकालात निघाला. अशा कारागिराची बोटे भाजतात, वाफ गळते, पाणी कमी पडते. त्याला मूळ फायरमनचे थोडेसे तरी भान येते. ज्ञान आणि चटका यांचा संबंध जुना आहे.

२०/ अपयशी प्रयोग वितळवण्याच्या घाईत काय गमावले जाते, हे फ्रान्सने दाखवले. १९३२ मध्ये तेथे तीन सिलिंडरांचे एक इंजिन बांधले गेले आणि ते सपशेल फसले. ते मोडीत न काढता आंद्रे शापेलों यांनी वाफेचे मार्ग, सिलिंडर, धुराडे सारे नव्याने रेखून १९४६ मध्ये त्यातूनच ‘२४२ ए १’ उभे केले, आणि ते युरोपातील सर्वांत समर्थ वाफेच्या इंजिनांपैकी एक ठरले. पण तोवर फ्रान्सने विजेचा मार्ग निवडला होता. १९६० मध्ये हे यशस्वी इंजिनही तोडले गेले. म्हणजे वितळवणारी भट्टी गुणवत्ता पाहत नाही. ती धोरण पाहते.

२१/ बुलिड यांनाही धडा मिळाला होता, हे फार थोडे सांगितले जाते. आयर्लंडमध्ये कोळसा दुर्मीळ, पण दलदलीतील पीट विपुल. १९५७ मध्ये त्यांनी डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यात पीटवर चालणारे ‘सीसी १’ बांधले. पुन्हा दोन बोगी, पुन्हा साखळ्या. पण स्लीव्ह व्हॉल्व्ह गेले आणि इंधन भट्टीत ढकलायला यांत्रिक मळसूत्र आले. फावडे टळले. तेही इंजिन एकटेच राहिले आणि १९६५ मध्ये भंगारात गेले. तरीही ‘लीडर’ आणि ‘सीसी १’ शेजारी ठेवून पाहिले की अपयश विचार करू लागल्याचे दिसते. प्रतिकृतींच्या कपाटात ही दोन इंजिने शेजारीच हवीत.

२२/ भारतासाठी या चर्चेला एक गंभीर संदर्भ आहे. १९२० च्या दशकात ‘एक्सबी’ वर्गाची इंजिने येथे मोठ्या संख्येने मागवली गेली. वेगात ती डोलत आणि रुळांवर बाजूने मारा करत. १७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा येथे अशा इंजिनाची गाडी रुळांवरून घसरली आणि शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर नेमलेल्या पॅसिफिक लोकोमोटिव्ह समितीत ‘टर्बोमोटिव्ह’चे जनक स्टॅनियर स्वतः होते. ‘लीडर’च्या अपयशाने पैसा गेला, ‘एक्सबी’च्या अपयशाने माणसे गेली. मोठी मागणी नोंदवण्याआधी पुरेशी परीक्षा न होणे किती महाग पडते, हे बिहटाने शिकवले.

२३/ पुढचे पाऊल शहाणपणाचे होते. ‘डब्ल्यूपी’ वर्गाची फक्त १६ नमुना इंजिने १९४७ मध्ये अमेरिकेतील बाल्डविन कारखान्याकडून आली. ती पारखली गेली आणि मगच मोठी बांधणी झाली. एकूण संख्या ७५५ वर गेली. शंकूसारख्या नाकाचे ते इंजिन महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर आजही उभे राहते. म्हणून प्रायोगिक इंजिनाला ‘पांढरा हत्ती’ म्हणताना जपून बोलावे. एक फसलेला नमुना हा पुढच्या शेकडो फसगती टाळण्याचा विमाहप्ता असतो. प्रश्न एवढाच की हप्ता भरल्यावर त्याची पावती कोणी जपून ठेवतो काय.

२४/ ती पावती जपण्याचे काम हौशी मंडळी करत आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे ‘टी-१’ हे इंजिन मूळ आकारात नव्याने बांधण्याचे काम एक विश्वस्त संस्था करते आहे. मूळच्या ५२ पैकी एकही उरले नव्हते. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून उभे आहे आणि तेथे धावत्या गाड्यांपुढे मुलांइतकेच आजोबाही रेंगाळतात. यंत्रावर प्रेम करायला शिकवणे ही लहान गोष्ट नव्हे. इतिहासाची पहिली ओढ पुष्कळांना ग्रंथालयात लागत नाही. ती अशाच एखाद्या टेबलापाशी लागते.

२५/ आक्षेप येईल की छंद हा छंद आहे, त्यावर इतिहासाचे ओझे कशाला? ज्याला संध्याकाळी दोन तास पितळ घासून मन शांत करायचे आहे, त्याच्याकडून सामाजिक भाष्याची अपेक्षा का करावी? आक्षेपात तथ्य आहे. पण प्रतिकृती घराबाहेर पडून प्रदर्शनात येते आणि तिच्यापुढे ‘काळाच्या पुढचे इंजिन’ अशी पाटी लागते, तेव्हा तो छंद राहत नाही, ते विधान होते. आणि विधानाला पुरावा मागता येतो. ‘काळाच्या पुढचे’ हे शब्द बहुतेक वेळा ‘चालले नाही’ याचे सभ्य रूप असतात.

२६/ म्हणून अपेक्षा छोटीशी आहे. ‘लीडर’च्या प्रतिकृतीपुढच्या पाटीवर तीन ओळी असाव्यात: या इंजिनाने कोणता प्रश्न विचारला, ते कोठे अडले, आणि आत काम करणाऱ्याला काय सोसावे लागले. शक्य असेल तर एक बाजू कापून उघडी ठेवावी आणि मधल्या खोलीत अर्ध्या बोटाएवढी एक आकृती उभी करावी, हातात फावडे, समोर भट्टीचे दार. एकास ७६ प्रमाणात तो माणूस जेमतेम सव्वादोन सेंटीमीटरचा होईल. त्या सव्वादोन सेंटीमीटरमुळे संपूर्ण प्रतिकृतीचा अर्थ बदलेल.

२७/ बुलिड, ग्रेस्ली, स्टॅनियर यांची नावे ग्रंथांत आहेत आणि असावीत. ब्रायटन ते ईस्टलीच्या मार्गावर त्या बंद खोलीत कोळसा ओतणाऱ्यांची नावे क्वचितच कोणाच्या ओठी येतात. यंत्राचा इतिहास केवळ कल्पना करणाऱ्यांचा नसतो. ती कल्पना ज्यांनी अंगावर झेलली, त्यांचाही असतो. प्रतिकृतिकारांनी वितळलेली इंजिने परत आणली, हे त्यांचे इतिहासावरचे ऋण आहे. आता त्यांनी त्या इंजिनांत माणूसही परत आणावा.

(धागा समाप्त)